पंपावरून उठलेला माणूस

आपल्याकडे स्कूटरचं सीट वर करून टाकीचं झाकण उघडलं, की पंपावरचा माणूस पाइप हातात घेऊन आधी म्हणतो, ‘‘झिरो बघा.’’ आपण मान वर करून बघतो, किंवा बघितल्यासारखं करतो. मागच्या गिऱ्हाइकाचा आकडा पुसला, आता तुमचा हिशेब सुरू, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत पंपावरून माणूस उठवायचं ठरलं, तेव्हा घोडं पहिल्यांदा अडलं ते नेमकं या शून्यापाशी.

१९४७ मध्ये लॉस एंजेलिसला एक पंप उघडला. तिथे गिऱ्हाइकाने आपल्या हाताने पेट्रोल भरायचं आणि बदल्यात गॅलनमागे पाच सेंट वाचवायचे. तेव्हा गॅलनचा दर वीस-पंचवीस सेंटच्या आसपास असायचा, म्हणजे सूट मोठीच होती. मोटारींच्या रांगा लागल्या. पण माणसं तिथेही होतीच. पायांत रोलर स्केट्स घातलेल्या मुली एका पंपाकडून दुसऱ्या पंपाकडे सरकत जायच्या, पैसे घ्यायच्या आणि आकडा पुन्हा शून्यावर आणून ठेवायच्या. पंप यांत्रिक होता, दातेरी चाकांवर चालायचा. त्याचं शून्य तिथे जाऊन हातानेच करावं लागे. पेट्रोल गिऱ्हाइकाने भरलं तरी शून्य करायला आणि पैसे घ्यायला कुणीतरी पंपापाशी हवंच होतं.

या माणसाचा पसारा किती होता, हे तो गेल्यावर कळलं. त्याच्या आधीचा काळ तर आणखी वेगळा. इंडियानातल्या फोर्ट वेन गावच्या सिल्व्हेनस बाउझरने १८८५ मध्ये दुकानदाराला विकलेला पंप रॉकेलचा होता. मोटारी आल्यावर त्याच कल्पनेतून पेट्रोलचा पंप निघाला. पुढे उंच काचेच्या नळकांड्यांचे पंप आले. आधी पेट्रोल हाताने वर काचेत चढवायचं, गिऱ्हाइकाला ते रंगासकट दिसायचं, मग ते टाकीत सोडायचं. विकणाऱ्यावर विश्वास नसला तरी डोळ्यांवर असतो, हे त्या काचेने ओळखलं होतं. १९३० च्या दशकात मोजमाप आणि किंमत दोन्ही एकत्र दाखवणारे पंप आले आणि काच गेली. गणवेशातला माणूस मात्र राहिला. तो पेट्रोल भरता भरता पुढची काच पुसायचा, इंजिनातलं ऑइल काठीने तपासायचा, टायरची हवा बघायचा. शिवाय तो न बोलता आणखी एक काम करायचा. गाडी कुणाची आहे ते पाहायचा, नळीवर हात ठेवून असायचा आणि पैसे हातात पडेपर्यंत गाडीच्या पुढ्यातून हलायचा नाही.

गिऱ्हाइकाच्या हाती नळी देणं अनेक राज्यांना रुचलं नाही. आगीचं कारण पुढे केलं गेलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्यामागे धंद्याची भीतीही होती. न्यू जर्सीत हॅकेनसॅकजवळ एकाने डझनावारी पंपांचं स्वयंसेवा केंद्र काढून दर पाडले, तेव्हा बाकीच्या पंपवाल्यांनी विधिमंडळ गाठलं. १९४९ मध्ये त्या राज्यात गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरण्यावर बंदी आली. ओरेगनने १९५१ मध्ये तेच केलं. इतर ठिकाणी कुठे राज्याचे, कुठे गावच्या अग्निशमन खात्याचे नियम होते. स्वयंसेवा पंप अनेक वर्षं एक विक्षिप्त, कंजूष लोकांचा प्रकार समजला जात होता.

शून्याचा प्रश्न सुटला तो १० जून १९६४ ला, कोलोराडोतल्या वेस्टमिन्स्टर या गावात. जॉन रॉस्को नावाच्या दुकानदाराचं तिथे ‘बिग टॉप’ नावाचं किरकोळ सामानाचं दुकान होतं. त्याने हर्ब टिम्स या खटपट्या गृहस्थाकडून एक पेटी बसवून घेतली. दुकानातल्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाने कळ दाबली की बाहेरचा पंप शून्यावर यायचा आणि सुरू व्हायचा. गिऱ्हाइक पेट्रोल भरून आत येई, पैसे देई आणि जाता जाता पाव आणि सिगारेटही घेई. पेट्रोल पंप आणि किराणा यांची जोडी आज जगभर दिसते, तिच्यामागे ही पेटी आहे. पंपावरचा माणूस उठला, पण घरी गेला नाही. तो आत जाऊन गल्ल्यामागे बसला आणि काचेतून बाहेर बघू लागला.

पुढचा धक्का अरबस्तानातून आला. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धादरम्यान तेल उत्पादक अरब देशांनी अमेरिकेचा पुरवठा थांबवला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून जवळजवळ बारा डॉलर पिंपापर्यंत गेला. पंपांसमोर रांगा लागल्या. गॅलनमागे दोन-चार सेंट वाचवायला लोक आता स्वतः नळी धरायला तयार होते. एकामागून एक राज्यांनी बंदी उठवली. इराणच्या क्रांतीनंतर १९७९ मध्ये भाव पुन्हा चढला, तेव्हा एक गमतीदार अडचण उभी राहिली. जुन्या यांत्रिक पंपांच्या चाकांवर दर ९९.९ सेंटच्या पुढे लावताच येत नव्हता. गॅलन डॉलरच्या वर जाईल, हे ती चाकं करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग अनेक ठिकाणी अर्ध्या गॅलनचा दर लावायची मुभा दिली गेली आणि गिऱ्हाइकाने पंपावरच्या रकमेची मनातल्या मनात दुप्पट करायची, असा उद्योग काही काळ चालला. या फजितीने यांत्रिक पंपांचा शेवट लवकर आणला. इलेक्ट्रॉनिक पंप आले, आणि ते आले म्हणूनच पुढे पंपाला बँकेशी बोलता आलं.

आता कार्डाकडे वळू. अमेरिकन माणसाच्या खिशात पहिलं उधारीचं कार्ड बँकेने घातलं नाही. तेल कंपन्या १९२० च्या दशकापासून कागदी ओळखकार्डं वाटत होत्या. सरळ हिशेब होता. गाडी गावाबाहेर जाते, तिथे मालकाला कुणी ओळखत नाही, पण रस्त्यावर आपल्या कंपनीचा फलक दिसला तर त्याने तिथेच थांबावं. गावच्या वाण्याने वहीत मांडावं, तसं हजार मैलांवरच्या पंपाने मांडायचं. पुढे प्लॅस्टिकची कार्डं आली, त्यांवर उठावाचे आकडे होते. पंपावरचा माणूस ते कार्ड कार्बनच्या पावतीखाली ठेवून वरून खटकन दांडा सरकवायचा. बोटांची सालटी काढणारं ते यंत्र ज्यांनी वापरलं, त्यांना त्याचा आवाज आजही आठवत असेल. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात घरोघर साठ हजार कार्डं टपालाने पाठवून दिली, कुणी मागितलेली नसताना. त्याच कार्डाचं नाव १९७६ मध्ये व्हिसा झालं.

उठावाचे आकडे यंत्राला पटकन वाचता येत नव्हते. कार्डाच्या पाठीवरची काळी चुंबकीय पट्टी हे आयबीएमच्या फॉरेस्ट पॅरी या अभियंत्याचं काम, १९६० च्या दशकातलं. पट्टी प्लॅस्टिकला चिकटवताना डिंकाने ती वाकडी व्हायची. घरी त्यांच्या पत्नी डोरोथिया कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी सुचवलं, इस्त्री फिरवून बघा. पट्टी बसली. त्या पट्टीच्या ज्या ओळीतून पुढे पंप वाचणार होते, तिच्यात फार तर चाळीस चिन्हं मावतात. खात्याचा क्रमांक, मुदत आणि थोडंफार. कुठलंही यंत्र ती वाचू शकतं, हा तिचा गुण होता. कुठलंही यंत्र ती वाचू शकतं, हाच पुढे तिचा दोष ठरला.

१९८० च्या दशकात दुकानादुकानांत फोनच्या तारेला जोडलेली छोटी यंत्रं आली. हवाईत १९८१ मध्ये सुरू झालेल्या व्हेरीफोन कंपनीने ती स्वस्त केली. आता बँकेला काही क्षणांत विचारता येत होतं, हे कार्ड चालतं का? मग हा प्रश्न थेट पंपावरूनच का विचारू नये? पंपावर कार्ड वाचणारं यंत्र बसवायचे प्रयोग १९७० च्या दशकापासून सुरू होते. ८० च्या दशकात ते गंभीर झाले, नव्वदीत पसरले. गिल्बार्को कंपनीने ‘डिस्पेन्सरमधला कार्ड रीडर’ या शब्दांची आद्याक्षरं जोडून त्याला ‘क्रिंड’ म्हटलं, आणि अमेरिकेतले पंप दुरुस्त करणारे लोक कुठल्याही कंपनीच्या यंत्राला सर्रास तेच म्हणू लागले. या धंद्यातल्या मंडळींचा शब्दांबाबत काटेकोरपणा तसा निराळाच. ज्याला आपण पंप म्हणतो त्याला ते पंप म्हणत नाहीत, डिस्पेन्सर म्हणतात, कारण खरा पंप बहुधा जमिनीखाली टाकीत बुडालेला असतो. वर उभी असते ती मोजून देणारी पेटी.

त्या पेटीत वीज खेळवणं हेही धाडसच होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. म्हणून कार्ड वाचणारा भाग, पडदा आणि बटणं वरच्या कप्प्यात ठेवायची आणि खालच्या नळ्यांच्या कप्प्यापासून वाफ वर येणार नाही अशी आडभिंत घालायची. वरून निघालेल्या तारा काँक्रीटखालच्या नळीतून दुकानात जात. तिथे एक नियंत्रक यंत्र बसलेलं असे आणि तेच बँकेच्या जाळ्याशी बोलत असे. फोन फिरवून उत्तर यायला वेळ लागायचा आणि थंडीत कुडकुडत उभं राहिलेल्या माणसाला अर्धा मिनिटही जड जातं. त्यामुळे पुढे अनेक पंपांच्या छपरावर उपग्रहाशी बोलणाऱ्या तबकड्या बसल्या.

पण खरी अडचण तारांची नव्हती, व्यवहाराची होती. वाणी किलोभर साखर आधी तोलतो, मग पैसे घेतो. रक्कम ठरल्याशिवाय सौदा होत नाही, झाला तर मोडता येतो आणि साखर परत पोत्यात जाते. पेट्रोलचं तसं नाही. टाकीत किती मावेल हे भरणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि एकदा भरलेलं पेट्रोल गिऱ्हाइकाच्या गाडीत, त्याच्याच इंजिनाशी जोडलेलं असतं. नळीवरचा हात होता तोवर हे निभत होतं. तो हात गेल्यावर बँकेला काय विचारायचं? ‘हे कार्ड अमुक रकमेला चालेल का?’ तर रक्कम कुठे आहे?

उत्तर निघालं ते असं. प्रश्न एकदा नाही, दोनदा विचारायचा. कार्ड ओढलं की पंप आधी एक अंदाजी रक्कम बँकेला कळवतो. बँक ‘चालेल’ म्हणते आणि तेवढी रक्कम खात्यात बाजूला करून ठेवते, आपल्याकडच्या अनामतीसारखी. मग पडद्यावर ‘नळी उचला’ अशी अक्षरं येतात, आकडा शून्य होतो, झडप उघडते. भरून झालं, नळी जागेवर टांगली, की खरी रक्कम, समजा ३७ डॉलर ४२ सेंट, दुसऱ्या निरोपात जाते आणि अनामत सुटते. कार्ड कंपन्यांच्या दफ्तरी या पंपांना वेगळा क्रमांक दिलेला आहे, ५५४२. माणूस बसलेल्या पंपाचा क्रमांक ५५४१. पंपावर माणूस आहे की नाही, हे बँकेला या एका आकड्याने कळतं.

अंदाजी रक्कम किती धरायची, यावरून मात्र गेली तीस वर्षं रडगाणं सुरू आहे. पुष्कळ पंप नुसता एक डॉलर कळवायचे. कार्ड जिवंत आहे ना, एवढं बघायचं. पण मग खात्यात दोनच डॉलर असलेला माणूस पन्नासचं पेट्रोल भरून जाऊ शकतो. म्हणून वरच्या मर्यादा ठरल्या. त्या मर्यादेपर्यंत तोटा बँकेचा, पुढचा पंपाचा. २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं, तेव्हा मोठ्या पिकअप ट्रकवाल्यांना पंप ७५ डॉलरवर बंद पडलेला दिसू लागला. टाकी अर्धीमुर्धी, कार्ड परत ओढा. मर्यादा वाढत वाढत २०२२ मध्ये १७५ डॉलर झाली. ज्याचा पगार शुक्रवारी जमा होतो, त्या माणसाचा गुरुवार यात अडकतो. वीस डॉलरचं पेट्रोल भरलं आणि शंभराहून जास्त डॉलर काही तास, कधी दिवसभर गोठलेले राहिले, तर भाजी कशातून आणायची? ब्रिटनमध्ये एक पौंडाच्या जागी ९९ पौंड अडकवायचा प्रयोग झाला, तेव्हा लोकांनी असाच आरडाओरडा केला होता. या व्यवस्थेत श्रीमंताला अनामत दिसतही नाही. ती जाणवते हातावर पोट असणाऱ्याला, आणि पूर्वीच्या पंपावर रोखीत दोन डॉलरचं पेट्रोल मागणारा हाच माणूस होता.

पंपवाल्यांना ही सोय सुरुवातीला नकोच होती, याचं नवल वाटायला नको. पेट्रोलवर त्यांना फार थोडं मिळतं. मिळतं ते आतल्या कॉफीवर आणि वेफर्सवर. गिऱ्हाइक बाहेरच पैसे देऊन निघून गेलं, तर दुकानात कोण येणार? शिवाय कार्डाची वळती टक्क्यांत होते. पेट्रोल महागलं की पंपाचा नफा तेवढाच राहतो आणि बँकेचा वाटा वाढतो. या वैतागातून आर्को कंपनीने १९८२ मध्ये क्रेडिट कार्डं घेणंच बंद केलं आणि दर कमी केले. आजही अमेरिकेत रस्त्याकडेच्या मोठ्या फलकांवर रोखीचा एक दर आणि कार्डाचा दुसरा, असे दोन आकडे दिसतात. पण शेवटी गिऱ्हाइकाची घाई जिंकली. १९९४ मध्ये किरकोळ दुकानं असलेल्या पंपांपैकी जेमतेम सात-आठांत एकावर ही सोय होती. २००२ पर्यंत पाचांपैकी चारांवर आली. आणि दुकानात न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी पंपावरच बडबडणारे पडदे बसले, हे ओघाने आलंच.

या सोयीची दुसरी बाजू जिवाशी निगडित आहे. पेट्रोल भरून पैसे न देता पळणारे लोक स्वयंसेवेइतकेच जुने. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००५ मध्ये चोवीस वर्षांच्या एका पंप कर्मचाऱ्याने अशी एक गाडी अडवायचा प्रयत्न केला आणि तिच्याखाली फरफटत जाऊन तो मेला. चोरलेलं पेट्रोल होतं बारा डॉलर आणि काही सेंटचं. २००८ पासून त्या प्रांतात आधी पैसे, मग पेट्रोल, असा कायदा झाला. कार्ड ओढल्याशिवाय झडप न उघडण्यामागे बँकेच्या नियमांबरोबर असेही मृत्यू आहेत.

माणूस चेहरा बघायचा, ते कामही यंत्रात परत बसवावं लागलं. चोरीचं कार्ड आधी पंपावर वापरून बघण्याची चोरांची पद्धत होती. तिथे कुणी बघत नाही, कार्ड चाललं तर पुढे दागिन्यांच्या दुकानात जायचं. म्हणून पंप घरच्या पत्त्याचा पाच आकडी झिप कोड विचारू लागला. बिलाचा पत्ता बँकेला माहीत असतो, चोराला बहुधा नसतो. आपल्याकडून मुलाला-सुनेला भेटायला गेलेल्या आजी-आजोबांची गाडी इथे हमखास अडते. बँकेचं कार्ड पुण्याचं, पिनकोड सहा आकडी, आणि पंपाला हवे असतात पाचच. मग आत जाऊन काउंटरवरच्या माणसाला सांगायचं, चार नंबरच्या पंपावर चाळीस डॉलर. उलटी गंमत अमेरिकनांची फ्रान्समध्ये व्हायची. फ्रान्सने १९९२ पर्यंत सगळी बँक कार्डं चिपची केली होती, रात्री सुपरमार्केटचे पंप माणसाविना चालत, आणि अमेरिकन कार्डाला ना चिप ना पिन. रविवारी रात्री आडगावी रिकामी टाकी घेऊन उभं राहण्याचे अनुभव त्या काळातल्या कित्येक प्रवाशांनी घेतले आहेत.

मोबिल कंपनीने १९९७ मध्ये कार्डही काढून टाकायचं ठरवलं. ‘स्पीडपास’ नावाची किल्लीला अडकवायची कांडी पंपासमोर हलवली की झालं. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची रेडिओ चिप होती. लाखो लोकांनी ती घेतली. जानेवारी २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तिचं चाळीस बिटांचं कुलूप उघडून दाखवलं आणि नकली कांडीने पेट्रोल भरूनही दाखवलं.

तोवर चोरांनी याहून फार सोपा रस्ता शोधला होता. कित्येक पंपांच्या पुढच्या दाराला एकाच ठशाची किल्ली लागायची, कारण दुरुस्तीवाल्याला शंभर किल्ल्या बाळगणं जमत नाही. ही किल्ली बाजारात सहज मिळे. दार उघडायचं, कार्ड वाचणाऱ्या यंत्राच्या वायरीत आपली छोटी पट्टी जोडायची, दार लावायचं. एक-दोन मिनिटांचं काम. आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या कार्डांचे आकडे तिच्यात साठत. पुढे ब्लूटूथवाल्या पट्ट्या आल्या, मग पंपाला पुन्हा हात लावायचीही गरज उरली नाही. शेजारी गाडी लावून फोनवर आकडे उतरवून घ्यायचे. पंपवाल्यांनी दारांवर नंबर छापलेल्या चिकटपट्ट्या लावल्या. उघडल्या की त्यांवर खूण उमटते. ती खूण रोज बघायला मात्र कुणीतरी फिरायला हवं, आणि ज्याने फिरायचं तो तर आत गल्ल्यावर.

यावरचा उपाय म्हणजे चिप. चुंबकीय पट्टीतले आकडे उतरवता येतात, चिप दर व्यवहाराला नवा जबाब देते. तो चोरून उपयोग नाही. अमेरिकेत दुकानांना ऑक्टोबर २०१५ ची मुदत दिली गेली. त्यानंतर चिप न वाचणाऱ्या दुकानात फसवणूक झाली, तर तोटा दुकानदाराचा. पंपांना दोन वर्षं जास्त दिली होती, ऑक्टोबर २०१७. ती पुढे ढकलून २०२० केली. मग कोविड आला. शेवटी एप्रिल २०२१. दुकानदाराने काउंटरवरचं यंत्र बदललं की त्याचं काम संपतं. पंपवाल्याला मात्र दर पंपाचं डोकं बदलायचं, कुठे काँक्रीट फोडून जुन्या तारा काढायच्या, दुकानातलं नियंत्रक यंत्र बदलायचं आणि ते सगळं प्रमाणित करून घ्यायचं. त्या काळात कामगार मिळेनात, सुटे भाग मिळेनात. या साडेपाच वर्षांत चोर कुठे गेले, ते सांगायची गरज नाही. दुकानांची दारं बंद झाली तेव्हा ते पंपांकडे वळले.

आपल्या बाजूला मात्र उलटा प्रकार झाला. भारत पेट्रोलियमने १९९९ मध्ये पेट्रोकार्ड आणलं, ते चिपचं होतं. पुढे ट्रकमालकांसाठी स्मार्टफ्लीट आलं. अमेरिकन पंप काळ्या पट्टीवर विसंबून होते तेव्हा आपल्या महामार्गांवरचे ट्रकचालक चिपचं कार्ड देऊन डिझेल भरत होते. माणूस मात्र आपण हलवला नाही. कार्ड देतो ते त्याच्याच हातात, यंत्र तोच आपल्यासमोर धरतो, आता तर क्यूआर कोडचा फलकही तोच पुढे करतो. आधी भरतो, मग रक्कम बघून पैसे, म्हणून अनामतीची भानगड आपल्याकडे आलीच नाही. वळतीचं भांडण तेवढं आलं. नोटाबंदीनंतर पंपांवर कार्डांची गर्दी झाली आणि जानेवारी २०१७ मध्ये बँका एक टक्क्यापर्यंत कापणार असं कळताच पंपचालकांनी कार्डं घेणं बंद करण्याचा इशारा दिला. त्यांचं कमिशन लिटरमागे ठरलेलं, टक्का कुठून द्यायचा? सरकारने मध्ये पडून तो प्रश्न तेव्हा मिटवला. आर्कोने पस्तीस वर्षांपूर्वी घातलेला वाद इथे जसाच्या तसा ऐकू आला.

ओरेगनने ऑगस्ट २०२३ मध्ये आपली बंदी उठवली. आता पन्नास राज्यांत एकट्या न्यू जर्सीत गिऱ्हाइकाला स्वतः पेट्रोल भरता येत नाही. एडिसनच्या आसपास मराठी घरं पुष्कळ. तिथे वाढलेली मुलं गाडी चालवायला शिकली तरी त्यांना नळी धरता येत नाही आणि डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेल्यावर पहिल्यांदा पंपासमोर उभं राहून ती घरी फोन लावतात, असं त्यांचे आई-बाप हसत सांगतात.

न्यू जर्सीचे पंप मात्र वेगळे बनवलेले नाहीत. कंपन्या सगळीकडे तीच पेटी पाठवतात. तीच कार्ड घालायची खाच, तोच पडदा, झिप कोडची तीच बटणं. हिवाळ्यात तिथे गाडी थांबली, की कानटोपी घातलेला कुणी पंजाबी किंवा तुर्की माणूस खिडकीपाशी येतो. आपण काच चार बोटं खाली करतो आणि कार्ड बाहेर देतो. तो ते पंपाच्या खाचेत घालतो, पडदा वाचतो आणि वाकून विचारतो, ‘‘झिप कोड?’’ आपण सांगतो. हातमोजा काढून तो एकेक आकडा दाबतो, आणि वरचा आकडा शून्य होतो.